निरंक

मनुष्याच्या कर्तृत्वाचा हिशेब ठेवण्याच्या ज्या नानाविध पद्धती आजवर प्रचारात आल्या, त्यांपैकी जमेची बाजूच नसलेली अशी एकच खतावणी माझ्या पाहण्यात आहे, आणि ती हॉकीच्या गोलकीपराच्या नावे उघडलेली असते. कवीच्या दहा कविता फसल्या तरी अकरावीच्या बळावर त्याचा सत्कार होतो. वकिलाचा मुकदमा खालच्या कोर्टात बुडाला तरी वरचे कोर्ट उघडे असते. आणि फॉरवर्डच्या जागी खेळणाऱ्या गृहस्थाने समोर मोकळा गोल दिसत असताना चेंडू बाहेर मारला, तर प्रेक्षक "थोडक्यात हुकला" असे म्हणून त्याच्याऐवजी त्याच्या दैवालाच दोष देतात. गोलकीपराने मात्र एकोणसाठ मिनिटे प्राणपणाने सर्व हल्ले परतवावेत आणि साठाव्या मिनिटाला एक चेंडू त्याच्या दोन पायांमधून निसटून मागच्या फळीवर खाडकन आदळावा, की त्या एका आवाजासरशी आधीची एकोणसाठ मिनिटे दप्तरातून रद्द होतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या बिचाऱ्याचे नाव छापून आलेच, तर ते कोणाचा चेंडू त्याला चकवून गेला एवढे सांगण्यापुरतेच येते.

देवळाली कॅम्पात राहणाऱ्या माणसाला या खतावणीविषयी जिव्हाळा वाटावा, हे स्थलमाहात्म्यच म्हटले पाहिजे. मूळचे देवळाली गाव आणि शेजारचे भगूर यांची गोष्ट निराळी. परंतु कॅम्प म्हणून जी वस्ती आहे, तिच्यात कायमचे राहावे अशा इराद्याने पूर्वी फारसे कोणी आलेच नाही. गोऱ्या फौजेचा तळ येथे पडला तो मुळी वाटेतला मुक्काम म्हणून. विलायतेहून आलेली पलटण घाट चढून येथे विसावा घेई व आपापल्या छावणीकडे रवाना होई. आणि मुदत भरलेला शिपाई परतीच्या जहाजाची वाट पाहत येथे पडून राही. ही जहाजे सामान्यतः नोव्हेंबर ते मार्च या हंगामातच सुटत असल्यामुळे ज्याची मुदत एप्रिलात भरली, त्याला सबंध उन्हाळा व सबंध पावसाळा येथे निरुद्योगात काढणे भाग पडे. त्यापायी इंग्रजी कोशाने या गावाच्या नावावर वेडसरपणाचा जो आरोप ठेवला आहे, तो जगजाहीर असल्यामुळे मी त्याची अधिक चर्चा करीत नाही. पुढे मुंबईच्या पारशी, गुजराती आणि कच्छी धनिकांनी हवापालटासाठी आरोग्यभवने बांधली, तेव्हा त्यांत येणारा मनुष्य पंधरा दिवसांची शिदोरी घेऊन येऊ लागला. १९२५ साली बार्न्स स्कूल मुंबईहून येथे हलले, पण त्यातील मुलांचे डोळे सुट्टीच्या तारखेकडे लागलेले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नजरकैदी आणून ठेवले, त्यांना पुढे डेहराडूनला नेले. फाळणीनंतर निर्वासितांचे तंबू पडले. आणि तोफखान्याच्या विद्यालयात शिकावयास येणारा अधिकारी तर पुढच्या बदलीचा हुकूम मनात घोळवीतच लामरोडवरून सायकल हाकीत असतो. टेकडीवरचा खंडोबा वगळला, तर येथे कायम हुद्द्यावर नेमलेला असा कोणी नव्हताच म्हणा ना!

अशा या मुक्कामी ज्या एका गृहस्थांशी माझा दीर्घकाळ स्नेह जडला आहे, ते तोफखान्यातून सेवानिवृत्त झालेले सुभेदारसाहेब एका आरोग्यभवनाची व्यवस्था पाहतात. वयाची ऐंशी उलटली असून गुडघे इतके कुरकुरतात की जिन्यावरून ते उतरू लागले म्हणजे खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडांना त्यांची वर्दी अगोदरच मिळते. त्यांच्या कचेरीत पाऊल टाकणाऱ्या नव्या पाहुण्याला एक गोष्ट हमखास बुचकळ्यात टाकते. पाहुणा दारात दिसला रे दिसला, की सुभेदारसाहेब टेबलामागची खुर्ची सोडून दोन पावले पुढे येतात, गुडघ्यांत किंचित वाकतात, दोन्ही हात मांड्यांपासून वीतभर दूर धरतात, आणि पाहुण्याच्या चेहऱ्याकडे न पाहता त्याच्या हातातील वस्तूकडे पाहतात. पाहुणा हे अगत्य समजून सुखावतो. वस्तुतः ते अगत्य नसून अँगल बंद करणे असते, हे मला पुष्कळ दिवसांनी समजले.

त्यांची कारकीर्द सुरू झाली ती एका गैरसमजातून. साताऱ्याकडचा एक पोरसवदा जवान म्हणून १९६० च्या सुमारास ते नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात भरती झाले. मैदानावर उभ्या केलेल्या रंगरुटांपुढे येऊन उस्तादाने हिंदीत एक प्रश्न विचारला. तो प्रश्न "चेंडूला कोण भीत नाही?" असा होता, परंतु रांगेच्या टोकाला असल्यामुळे तो "जेवण कोणाला मिळाले नाही?" असा ऐकू येऊन यांनी तत्परतेने हात वर केला. त्या संध्याकाळी त्यांना जेवणाऐवजी पॅड मिळाले. कापूस ठासून भरलेले, वेताच्या पट्ट्यांचे, पावसाळ्यात भिजले की दुप्पट वजनाचे होणारे आणि दर शनिवारी ब्लँको फासून पांढरे करावे लागणारे ते पॅड पुढे कित्येक वर्षे त्यांच्या पायांना आणि नशिबाला चिकटून राहिले. तोंडाला जाळी नव्हती, डोक्याला टोप नव्हता, आणि मैदान मुरमाचे होते. सबब खडे लागून उसळलेला साडेपाच औंसांचा चेंडू नाकावर येईल की घोट्यावर, याचा निर्णय चेंडूच्या मर्जीवर सोपविलेला असे.

या शौर्याचे फळ म्हणून त्यांना संघात जी जागा मिळाली, ती दुसऱ्या गोलकीपराची होय. दुसरा गोलकीपर ही संस्था काय आहे, हे ज्यांनी सरकारी कचेरीत उमेदवारी केली आहे त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. दुसरा फॉरवर्ड असा काही प्रकार त्या काळी नसे, कारण फॉरवर्ड पाच असत व त्यांपैकी एकाला कंटाळा आला तरी जागा मोकळी होई. गोलकीपर मात्र एकच असल्याकारणाने तो आजारी पडावा, जायबंदी व्हावा किंवा रजेवर जावा, एवढ्या तीनच शुभघटनांवर दुसऱ्याचे भवितव्य अवलंबून असते. सुभेदारसाहेबांचे दुर्दैव असे, की ज्या ज्या पलटणीत त्यांची बदली झाली त्या त्या पलटणीतील पहिला गोलकीपर लोखंडी प्रकृतीचा निघाला. पंजाबात थंडीने सगळी बराक खोकत होती, पण गोलकीपर खोकला नाही. आसामात हिवतापाने निम्मी तुकडी अंथरुणाला खिळली, पण डासांनीही गोलकीपराला तेवढे वगळले. "मास्तर, मी देवाजवळ कुणाचं वाईट कधी मागितलं नाही," ते मला सांगतात, "फक्त मॅचच्या आदल्या दिवशी त्यांची प्रकृती कशी आहे, एवढं जाऊन विचारून यायचो."

फौजेतून सुटल्यावर त्यांनी या विद्येवर पोट भरले, आणि तेही आपल्या देशात हॉकीवर पोट भरण्याची सोयच नसताना! त्या काळी खेळाडूला खेळाचे पैसे देणे हे पाप समजले जाई व नोकरी देणे हे पुण्य समजले जाई. सबब रेल्वे, पोलीस, कस्टम, बँका आणि कापडगिरण्या या सर्व खात्यांतून असे असंख्य कारकून आणि मुकादम तैनातीस होते, ज्यांची टेबले कचेरीत व देह मैदानावर असत. सुभेदारसाहेब मुंबईच्या एका गिरणीत कापड तपासनीस म्हणून लागले. तेथे त्यांनी कापड किती तपासले हे गिरणीला ठाऊक. परंतु आगाखान स्पर्धेच्या दिवसांत त्यांना खास रजा मिळे, यावरून त्यांच्या खऱ्या हुद्द्याची कल्पना यावी. तेथेही ते दुसरेच होते. अखेरीस पहिला गोलकीपर निवृत्त झाला, सुभेदारसाहेबांच्या नावाची जर्सी शिवावयास टाकली, आणि जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा तो इतिहासप्रसिद्ध संप सुरू झाला. संप मिटण्याची वाट पाहता पाहता गिरणी गेली, संघ गेला, आणि जर्सी शिंप्याकडेच राहिली. त्यानंतर त्यांनी उसना खेळाडू म्हणून कोणकोणत्या संघांचे गोल राखले, याची यादी त्यांच्या लोखंडी ट्रंकेच्या झाकणावरील रंगांच्या थरांवरून करावी लागते, कारण प्रत्येक नव्या संघात गेल्यावर ते जुने नाव रंगाने पुसून त्यावर नवे घालीत.

असा मनुष्य आपल्या कलेविषयी कडवट असेल असे कोणासही वाटेल. पण मी एकदा त्यांना सहज विचारले की गोलकीपराने पुढे का यावयाचे, तो बारा फुटांचा गोल सोडून जाणे मूर्खपणाचे नव्हे काय. त्यावर त्यांनी चहाचे कप बाजूला सारून टेबलाच्या कडेला दोन काडेपेट्या उभ्या केल्या, समोर सुपारीचे खांड ठेवले, आणि पाहुण्यांची पत्रे बांधावयाच्या रिळातील दोरा काढून सुपारीपासून दोन्ही काडेपेट्यांपर्यंत ताणला. मग त्यांनी आपला अडकित्ता त्या दोन दोऱ्यांच्या मध्ये, आधी पार मागे काडेपेट्यांच्या रेषेत ठेवला. दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी मोकळी जागा दिसली. नंतर तो अडकित्ता ते बोटाने हळूहळू सुपारीकडे सरकवू लागले. जसजसा तो पुढे गेला तसतशी बाजूची जागा आटत गेली, आणि निम्म्या वाटेवर तर अडकित्त्याची दोन्ही टोके दोऱ्यांना टेकली. "बघितलंत? माणूस तेवढाच, गोल तेवढाच. नुसतं पुढं यायचं. आणखी पुढं गेलात तर मात्र तो बाजूनं काढून नेणार. कुठं थांबायचं, एवढंच शिकायचं असतं, मास्तर. त्यालाच वीस वर्षं लागतात." एवढे सांगून त्यांनी सुपारी कातरून मला दिली आणि भूमितीची ही शिकवणी संपविली.

त्यांच्यापाशी एक वही आहे. लाल पुठ्ठ्याची, कडा झिजलेली, फौजेतल्या भांडाराच्या नमुन्याची. इतर खेळाडू आपल्या पराक्रमाची कात्रणे चिकटवून ठेवतात. सुभेदारसाहेबांनी या वहीत आपल्या अंगावर झालेला प्रत्येक गोल तारीखवार लिहून ठेवला आहे. रकाने आखलेले आहेत: ठिकाण, प्रतिपक्ष, चेंडू कोणत्या बाजूने आला, कारण, आणि शेरा. कारणाच्या रकान्यात "डोळ्यांवर ऊन", "खडा", "फुलबॅक मध्ये उभा", "शॉर्ट कॉर्नर, दिसलाच नाही" अशा नोंदी असून शेऱ्याच्या रकान्यात क्वचित "स्वतःचा दोष" असे लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली आहे. एका पानावर कारण म्हणून फक्त "बायकोचे पत्र" एवढेच लिहिलेले आढळले. त्याविषयी मी चौकशी केली नाही व त्यांनीही पान उलटण्याची त्वरा केली. अडवलेल्या चेंडूंची नोंद मात्र वहीत कोठेही नाही. ती का नाही असे विचारता ते म्हणाले, "ते तर कामच होतं. कामाची कुणी नोंद ठेवतं का?"

ही वृत्ती केवळ अयशस्वी माणसाची आहे असे कोणी समजू नये, कारण या धंद्यातील चक्रवर्तीदेखील याच कायद्याखाली नांदले. रिचर्ड अ‍ॅलन हे नागपुरात जन्मलेले गोलकीपर. १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये भारताने २९ गोल केले आणि अ‍ॅलन यांनी एकही होऊ दिला नाही. पुढे १९३२ साली लॉस एंजेलिसला भारताने अमेरिकेचा २४-१ असा धुव्वा उडविला, आणि १९३६ साली बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे लोळविले. म्हणजे तीन ऑलिंपिक स्पर्धांत मिळून या गृहस्थांच्या अंगावर अवघे दोन गोल झाले! आता सामान्य बुद्धीचा मनुष्य म्हणेल की इतिहासाने अडवलेल्या चेंडूंचे गुणगान करावे. पण इतिहास हाही शेवटी एक प्रेक्षकच. त्याने काय जतन केले, तर अमेरिकेविरुद्ध तो एक गोल झाला तेव्हा अ‍ॅलन गोल सोडून प्रेक्षकांना सह्या देत उभे होते, ही आख्यायिका! चोवीस गोलांपैकी किती कोणी केले हे जाणकारांनाही वही उघडून पाहावे लागते. तो एक गोल कसा झाला, हे मात्र ज्याला हॉकीची स्टिक कोणत्या टोकाला वाकलेली असते हे ठाऊक नाही, तोही रंगवून सांगतो.

शंकर लक्ष्मण यांची कथा सुभेदारसाहेब सांगू लागले म्हणजे सावधान उभे राहतात, कारण लक्ष्मण हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. महूचा हा मुलगा फौजेत शिरला तो वाजंत्री म्हणून, आणि मूळचा शौक फुटबॉलचा. तेथून तो तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांत भारताच्या गोलात उभा राहिला, व तिन्ही वेळा समोर पाकिस्तानच होते. १९५६ साली मेलबर्नला भारत १-० ने जिंकला, १९६४ साली टोकियोला पुन्हा १-० ने जिंकला, आणि या दोहोंच्या मध्ये १९६० साली रोमला ०-१ असा हरला. तीन अंतिम सामने, अवघा एक गोल! पण तो एक गोल असा, की त्यासरशी १९२८ पासून अखंड चालत आलेली सुवर्णपदकांची परंपरा तुटली. सबब ज्या सामन्यात भारताच्या पाच फॉरवर्डांना मिळून एकही गोल करता आला नाही, त्याची नोंद बघणाऱ्याची नजर प्रथम मागच्या टोकाला जाते. लक्ष्मण पुढे भारताचे कर्णधार झाले, १९६६ च्या आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक त्यांच्या नेतृत्वाखाली आले, त्यांना पद्मश्री मिळाली, कॅप्टन म्हणून ते सेवानिवृत्त झाले. आणि २००६ साली महूला हालाखीत वारले. "पाय सडला होता," सुभेदारसाहेब सांगतात, "ज्या पायानं टोकियो वाचवलं, त्या पायाला औषध वेळेवर मिळालं नाही." एवढे बोलून ते बसतात, आणि हा विषय तेथे संपतो.

मुंबईच्या लिओ पिंटोंचेही तेच. १९४८ साली स्वतंत्र भारताने इंग्रजांना त्यांच्याच वेंब्लीवर ४-० असे हरविले, त्यातला चार हा आकडा कोणाचा ते सर्वांना माहीत आहे. शून्य हा आकडा कोणाचा, याची चौकशी करावी असे कोणाच्या मनात आले नाही.

हा अन्याय उष्ण कटिबंधापुरताच असावा असा माझा समज होता, पण तोही टिकला नाही. सुभेदारसाहेबांच्या पुतणीचे बिऱ्हाड कॅनडात टोरोंटोजवळ असून तिचा मुलगा बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर आहे. आमच्या कॅम्पात बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर गोणपाटाखाली, त्यामुळे हा खेळ आम्हांला प्रथम भ्रमणध्वनीच्या पडद्यावरच पाहावयास मिळाला. तेथील गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच, म्हणजे आपल्यापेक्षा पुष्कळ लहान. तो पाहून सुभेदारसाहेब प्रथम तुच्छतेने हसले. नंतर त्यांना कळले की चेंडूच्या जागी घट्ट रबराची तीन इंची चकती असते, ती उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात, आणि मग ती ताशी शंभर मैलांच्या वर वेगाने येते. तेव्हा त्यांनी पुतणीला विचारले, "आणि हे पोरगं तिथं स्वखुशीनं उभं राहतं?" पुतणी म्हणाली, "हो ना काका. पहाटे पाचला उठून आम्हीच नेतो त्याला. आणि घरी आल्यावर ते सगळं सामान वाळत घालायचं. सबंध तळघरात गाद्या पसरल्यासारखं दिसतं, आणि वास तर विचारूच नका." वासाचे नाव निघताच सुभेदारसाहेबांचा चेहरा खुलला, सात समुद्रांपलीकडे आपले घराणे चालू असल्याची त्यांना खात्री पटली.

या बर्फाळ शाखेचा अभ्यास आम्ही दोघांनी पुढे जोमाने केला. तेथील सर्वोच्च साखळीत बत्तीस संघ असून प्रत्येक संघ सामन्यासाठी दोनच गोलकीपर सजवितो. म्हणजे शास्त्रांनी जितक्या कला सांगितल्या तितक्याच, चौसष्ट जागा, आणि उमेदवार मात्र उत्तर ध्रुवापर्यंत पसरलेले. ज्याला या चौसष्टांत स्थैर्य लाभत नाही, तो खालच्या साखळ्यांतून गावोगाव हिंडत राहतो. संघाला तो नकोसा झाला म्हणजे त्याचे नाव यादीवर चढवितात आणि इतर संघांना त्यास उचलण्यासाठी चोवीस तासांची मुदत देतात. कोणीच उचलला नाही, तर धाकट्या संघाची गाडी त्याच्यासाठी तयारच असते. गॅरी स्मिथ नावाच्या एका गोलकीपराने इतके संघ बदलले, की लोकांनी त्याचे टोपणनावच "सूटकेस" पाडले. हे ऐकून सुभेदारसाहेबांनी आपल्या ट्रंकेकडे अशा ममतेने पाहिले, की मला दुसरीकडे पाहणे भाग पडले.

ज्याक प्लान्त नावाच्या माँट्रियलच्या गोलकीपराने १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कला नाकावर चकती बसून रक्तबंबाळ झाल्यावर, टाके घालून परत येताना मुखवट्याशिवाय मैदानात उतरणार नाही असे बजावले. त्याचे प्रशिक्षक मुखवट्याच्या विरुद्ध होते, पण राखीव गोलकीपर बाळगण्याची तेव्हा चालच नसल्यामुळे त्यांना नमावे लागले. ग्लेन हॉल म्हणून दुसरा, तो सलग ५०२ सामने मुखवट्याविना खेळला आणि प्रत्येक सामन्यापूर्वी भीतीने वांती करून मग गोलात उभा राही. १९२८ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे आपले अ‍ॅलन अ‍ॅम्स्टरडॅमला निघालेले असताना, न्यूयॉर्कच्या संघाचा गोलकीपर अंतिम फेरीत डोळ्याला लागून पडला, तेव्हा लेस्टर पॅट्रिक हे ४४ वर्षांचे प्रशिक्षक कोट काढून स्वतःच गोलात उतरले व सामना जिंकून दिला. आणि २२ फेब्रुवारी २०२० रोजी टोरोंटोला तर कहरच झाला. पाहुण्या कॅरोलायना संघाचे दोन्ही गोलकीपर एकाच सामन्यात जायबंदी झाले, आणि अशा प्रसंगासाठी प्रेक्षागृहात बसवून ठेवलेला डेव्हिड एअर्स नावाचा ४२ वर्षांचा मनुष्य, जो एरवी बर्फ घासून गुळगुळीत करण्याचे यंत्र चालवी आणि ज्याच्या शरीरात आईने दिलेले मूत्रपिंड होते, त्याला बोलावून आणून गोलात उभे करण्यात आले. पहिल्या दोन चकत्या सरळ आत गेल्या. पुढच्या आठही त्याने अडवल्या, आणि त्याचा संघ ६-३ ने जिंकला.

हा वृत्तान्त मी वाचून दाखविला तेव्हा सुभेदारसाहेब बराच वेळ गप्प होते. त्यांना त्या विजयाचे कौतुक नव्हते. "दोन्ही गोलकीपर?" त्यांनी शेवटी विचारले. "एकाच मॅचमध्ये?" मी होय म्हणालो. "मास्तर," ते उसासा टाकून म्हणाले, "नशीब लागतं हो. आमच्या वेळी एकसुद्धा पडला नाही."

या सर्वांतून माझ्या ध्यानात आलेली गोष्ट एवढीच, की जगात काही घडवून आणणारी माणसे थोडी असून काही घडू न देणारी माणसे पुष्कळ आहेत, आणि जगाचे चलनवलन मुख्यत्वे दुसऱ्या वर्गावर चालते. रात्रपाळीचा सांधेवाला, धरणावरचा चौकीदार, पहाऱ्यावरचा शिपाई यांची कामगिरी फत्ते झाली म्हणजे काय होते, तर काहीच होत नाही. आमच्या कॅम्पात रोज रात्री पहारेकरी आपल्या वरिष्ठास "सब ठीक है" असा जो अहवाल देतो, त्यात सांगण्यासारखे काही नसणे हीच त्याच्या रात्रीची कमाई असते. परंतु हिशेबनीसांचे तसे नसते. त्यांना रकान्यात आकडा लागतो. आणि तो आकडा मिळविण्याकरिता सुभेदारसाहेबांना अलीकडे जे करावे लागले, ते सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

वयोवृद्ध खेळाडूंना अल्पसे मानधन मिळण्याजोगे आहे असे कोणीतरी सांगितल्यावरून त्यांनी एका कचेरीकडे रीतसर अर्ज केला. छापील नमुन्यात "खेळाडूने कारकिर्दीत नोंदविलेले एकूण गोल" असा एक रकाना होता. सुभेदारसाहेब सत्यवादी असल्यामुळे त्यांनी त्यात आपल्या टपोऱ्या अक्षरांत "निरंक" असे लिहिले. यथावकाश अर्ज परत आला. सोबतच्या पत्रात, अर्जदाराची क्रीडाविषयक कामगिरी निरंक असल्याचे खुद्द अर्जदारानेच नमूद केले असल्यामुळे प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे, असे कळविले होते.

तेव्हा आम्ही दोघे त्या कचेरीत गेलो. टेबलापाशी बसलेला तरुण कारकून सुस्वभावी होता, त्याने सुभेदारसाहेबांना बसावयास खुर्ची दिली, अर्ज पुन्हा वाचला आणि खरोखरच्या कणवेने विचारले, "काका, इतकी वर्षं खेळलात आणि एकही गोल नाही?"

"मी गोलकीपर होतो, साहेब."

"ते बरोबर आहे हो. पण गोलांशी तुमचा काहीतरी संबंध आला असेल ना? हा रकाना निरंक असला की वर प्रकरण हलतच नाही. काहीतरी आकडा द्या."

सुभेदारसाहेब क्षणभर घुटमळले. मग त्यांनी पिशवीतून ती लाल पुठ्ठ्याची वही काढून टेबलावर ठेवली. कारकुनाने पाने चाळली. तारखा, ठिकाणे, प्रतिपक्ष, कारणे, सर्व काही शिस्तीत आखलेले पाहून त्याच्या मुद्रेवर आदर उमटला. असा चोख पुरावा त्या कचेरीत बहुधा प्रथमच दाखल होत असावा. "हे सगळे गोल तुम्ही स्वतः नोंदवलेत?" त्याने विचारले.

"होय. त्याच दिवशी, रात्री झोपायच्या आधी."

"मग झालं तर!" असे म्हणून त्याने पानोपान बेरीज केली, "निरंक" खोडून आलेला आकडा रकान्यात लिहिला, आणि खाली सुभेदारसाहेबांची सही घेतली. मी काही बोलणार तोच सुभेदारसाहेबांनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

मानधन मंजूर झाल्याचे पत्र गेल्या महिन्यात आले. अर्जदाराची उल्लेखनीय गोलसंख्या विचारात घेऊन प्रकरण विशेष बाब म्हणून निकाली काढण्यात आले आहे, असे त्यात लिहिले आहे. सुभेदारसाहेबांनी ते चष्मा लावून दोनदा वाचले, वहीत घडी करून ठेवले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं असतं, मास्तर, तर शॉर्ट कॉर्नरला उगाच एवढ्या उड्या मारल्या नसत्या."